मोठ्या आईचं घर : बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

प्रश्न : माझी मोठी आई (थोरली काकू) ७६ वर्षांची आहे. दारव्हा तालुक्यातल्या गावी आबादीत तिच्या नावावर घर आहे. मोठे बाबा वारले, मूलबाळ नाही. लकव्यानं तिचा उजवा हात गेला, बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत आहे. तिचं सगळं मीच करतो. ती गेल्यावर प्रोबेटसाठी (मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्यासाठी) कोर्टात वर्षं जातील, आत्ताच बक्षीसपत्र करून घे, असं लोक सांगतात. करावं का?

उत्तर : प्रोबेटची भीती आधी डोक्यातून काढा. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती मुंबई शहरासारख्या ठरावीक हद्दींपुरती होती. यवतमाळ जिल्ह्यात केलेल्या आणि तिथल्याच घराबद्दलच्या मृत्युपत्राला ती लागू नाही.

खरा धोका काहीच न लिहिता त्या गेल्या तर आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे, नवऱ्याकडून वारशानं आलेली मिळकत निपुत्रिक विधवेमागे नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे मोठ्या बाबांचे हयात भाऊ आणि बहिणी, सारख्या हिश्शानं. हयात काका-आत्या असताना पुतण्याला काही मिळत नाही, सेवा कितीही केली असो.

बक्षीसपत्र मी सुचवणार नाही. मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. पुतण्या त्या यादीत नाही. तुम्हाला खरेदीखताच्या दरानं शुल्क भरावं लागेल. शिवाय नोंदलेलं बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. आजारी बाईच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या नावावर गेलं, ही गोष्ट तुमची नियत चांगली असली तरी मला पटत नाही. उद्या तुम्हीच आधी गेलात, तर घर तुमच्या वारसांचं होईल आणि त्या त्यांच्या भरवशावर राहतील. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेलं बक्षीसपत्र तर घराच्या बाबतीत कायद्यानं उभंच राहत नाही. मुखत्यारपत्रही त्यांच्या मृत्यूबरोबर संपतं.

म्हणून मृत्युपत्र करा. मुद्रांक लागत नाही, आणि त्या हयात असेपर्यंत घर त्यांचंच राहतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी या प्रकरणात ती कराच. आजारी व्यक्तीसाठी दुय्यम निबंधक घरी येतात. वैद्यकीय दाखल्यासह अर्ज करून गृहभेटीचं शुल्क भरा.

सगळं अवलंबून आहे ते त्या दिवशीच्या काळजीवर. घराचा लाभ तुम्हाला मिळणार, म्हणून मजकूर तुम्ही सांगू नका, सही होताना खोलीतही थांबू नका. तेवढ्यावरून संशय उभा राहतो आणि तो दूर करण्याचा भार तुमच्यावरच येतो. साक्षीदार दोन हवेत, दोघंही सज्ञान, पण मोठ्या आईंपेक्षा वयानं लहान आणि लाभ नसलेले. एक साक्षीदार उपचार करणारे डॉक्टर असतील तर फार बरं. शुद्धीवर आणि समजूतदार असल्याचा दाखला त्याच तारखेचा घ्या. साक्षीदारांनी त्यांना अंगठा लावताना पाहावं आणि मग त्यांच्यासमोर सही करावी. उजवा हात चालत नसल्यानं डावा अंगठा लावला, मजकूर मराठीत वाचून दाखवला आणि मान्य केला, हे कागदावर यावं. काका-आत्यांना घर का दिलं नाही, तेही मोठ्या आईंच्याच शब्दांत एक-दोन वाक्यांत यावं. वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला कोर्टात यावं लागतं, म्हणून त्यांचे पत्ते पूर्ण असू द्या.

त्याआधी मालकी तपासा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीचा उतारा) किंवा टॅक्स पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. गावाची स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका आणि सनद काढा. वडिलोपार्जित घर असेल तर भावांमधली वाटणी कशी झाली, त्याचा कागद शोधा. आणखी एक गोष्ट हमखास सुटते : मोठे बाबा वारले तेव्हा त्यांची आई, म्हणजे तुमची आजी, हयात होती का? असेल तर मोठ्या बाबांच्या हिश्शात अर्धा वाटा आजीचा झाला, आणि मोठ्या आई फक्त स्वतःचा अर्धा लिहून देऊ शकतात. तसं असेल तर मृत्युपत्रात “माझा जो काही हिस्सा असेल तो” असं लिहा आणि आजीच्या हिश्शापुरतं काका-आत्यांकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या.