वाचकांचे प्रश्न : भित्तिपत्रकासाठी कलाचळवळ कशी निवडावी?

प्रश्न : मी पुण्यात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. या सत्रात आम्हाला इतिहासातील एखाद्या कलाचळवळीचा आधार घेऊन तीन भित्तिपत्रकांची मालिका करायची आहे. मी शास्त्रीय संगीताच्या तीन मैफली हा विषय घेतला असून मजकूर मराठीत असेल. आर नूव्हो, रशियन रचनावाद, बाउहाउस आणि स्विस शैली यांची पुष्कळ चित्रे मी जमवली. परंतु जे करते ते नक्कल वाटते आणि देवनागरी अक्षरे बसवली की सगळेच उपरे दिसू लागते, असे आमच्या सरांनीही सांगितले. चळवळ निवडावी तरी कशी? आणि असे काम पुण्यात प्रत्यक्ष कोठे पाहता येईल?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : तुम्ही चार चळवळींची चित्रे जमवली आहेत, पण ती चित्रे तशी का झाली याची कारणे अजून जमवलेली नाहीत, असे तुमच्या पत्रावरून वाटते. प्रत्येक चळवळीपुढे काही अडचण होती, हाताशी ठरावीक साधने होती आणि समोर विशिष्ट प्रेक्षक होता. जिची अडचण तुमच्या विषयाच्या अडचणीशी जुळते ती चळवळ निवडावी. रंग किंवा वळणे आवडली म्हणून निवडली तर नकलेखेरीज दुसरे काही हाती लागणे कठीण आहे.

आधी आर नूव्हो, म्हणजे वेलींसारख्या वळणदार रेषांची शैली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील भित्तिपत्रके शिळाछापावर छापली जात. दगडावर जे रेखाटावे ते कागदावर उमटत असल्यामुळे चित्र आणि अक्षरे एकाच वळणात काढता येत, छपाईच्या खिळ्यांच्या ठोकळेबाज रांगांशी जुळवून घ्यावे लागत नसे. अल्फोन्स मुखा याने सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीच्या ‘जिस्मोंदा’ नाटकासाठी केलेले, १८९५च्या आरंभी पॅरिसच्या भिंतींवर लागलेले उंच आणि अरुंद भित्तिपत्रक पाहा. त्यात अक्षरे चित्राच्या चौकटीचाच भाग होऊन येतात. संगणकावरील तयार फॉन्ट घेऊन त्याभोवती वेलबुट्टी काढली, तर आर नूव्होचा प्राणच त्यातून निघून जातो. तीनही शीर्षके हाताने रेखाटण्याची तयारी असेल तरच या वाटेने जावे.

रशियन रचनावादाची परिस्थिती अगदी निराळी होती. क्रांतीनंतरच्या यादवी युद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती आणि समोरच्या जनसमुदायात निरक्षरांचे प्रमाण मोठे होते. १९१९ पासून रोस्टा या वृत्तसंस्थेची चित्रे स्टेन्सिलने रंगवून रिकाम्या दुकानांच्या खिडक्यांत लावली जात. त्याच सुमारास एल लिसिट्स्कीने पांढऱ्या वर्तुळात घुसणारी लाल पाचर काढली आणि युद्धातील दोन बाजू केवळ दोन आकारांत उभ्या केल्या. ही हाक मारणारी, बाजू घ्यायला लावणारी भाषा आहे. विलंबित ख्यालाच्या मैफलीचे निमंत्रण तिच्यात देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाउहाउसचा विचार या प्रकल्पापुरता बाजूला ठेवावा. १९१९ ते १९३३ या काळात जर्मनीतील तीन शहरांत चाललेली ती कलेची आणि रचनेची एक शाळा होती आणि तिच्यात इतक्या भिन्न प्रवृत्ती नांदत होत्या की एका सत्रात त्यांना न्याय देता येणार नाही.

तुमच्या विषयाला सर्वांत जवळची आहे ती स्विस शैली. योझेफ म्युलर-ब्रोकमन हा झुरिकच्या टोनहाले या संगीतगृहासाठी अनेक वर्षे भित्तिपत्रके करत होता. वाद्यांची किंवा वादकांची चित्रे न काढता संगीताची रचना डोळ्यांना कशी दाखवावी, हा त्याचा प्रश्न होता आणि नेमका हाच तुमचाही प्रश्न आहे. १९५५च्या त्याच्या ‘बेथोवन’ भित्तिपत्रकात एका केंद्राभोवती फिरणाऱ्या काळ्या कमानी आहेत आणि त्या बाहेरच्या बाजूला जाताना क्रमाने दुप्पट रुंद होत जातात. हे दुपटीचे गणित आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही, कारण ठाय, दुगुन, चौगुन करणारा आपला तबलजी लयीची वाटणी याच हिशेबाने करतो. मात्र त्या कमानी उचलून तुमच्या कागदावर ठेवू नका. संगीतातील मोजमापावरून कागदाची मांडणी ठरवायची, हा त्याचा निर्णय तेवढा घ्या.

तो निर्णय आपल्या तालांना लावून पाहा. तीनतालाच्या १६ मात्रा चार-चारच्या चार विभागांत येतात, झपतालाच्या १० मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा आणि रूपकाच्या ७ मात्रा तीन-दोन-दोन अशा. तीन मैफलींसाठी हे तीन ताल घेतले, तर प्रत्येक भित्तिपत्रकाची ग्रिड, म्हणजे कागदाची उभ्या-आडव्या विभागांतली आखणी, आपोआप वेगळी होते आणि तरीही तिघांचे नाते टिकते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोठे आहे ते पाहून तेथे सर्वांत वजनदार घटक ठेवावा. रूपकात समेवरच ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात मोकळा ठेवण्याची जागा, येते. त्यामुळे त्या भित्तिपत्रकात पहिला स्तंभ जाणीवपूर्वक मोकळा सोडून पाहण्यासारखा आहे. संगीत जाणणाऱ्या रसिकाला ती रिकामी जागा लगेच कळेल आणि इतरांनाही तिच्यामुळे नजर पुढे ढकलली गेल्याचे जाणवेल. असे काम कोणत्याही स्विस भित्तिपत्रकासारखे दिसले नाही, तरी त्या परंपरेचा खरा अभ्यास त्यातच दिसेल.

आता देवनागरीविषयी. आपली अक्षरे शिरोरेषेला लटकतात. त्यांच्यावर मात्रा आणि वेलांट्या चढतात, खाली उकार उतरतात. रोमन अक्षरांसाठी ठरलेले ओळींमधले घट्ट अंतर येथे चालत नाही, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षरे एकमेकांपासून दूर सारली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. एकाखाली एक रचली तरी तेच होते. याउलट शिरोरेषा ही तुम्हाला फुकट मिळालेली आडवी रेषा आहे. ग्रिडच्या आडव्या विभागांशी ती जुळवा, मग अक्षरे उपरी वाटणार नाहीत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरे जुन्या वृत्तपत्रांतून शोधून अवश्य पाहा. नाटकाची प्रकृती नुसत्या अक्षरांच्या घडणीतून सांगण्याचे त्यांचे सामर्थ्य विलक्षण होते आणि तसे करताना त्यांनी वाचनीयता सहसा सोडली नाही.

पुण्यात प्रत्यक्ष पाहायचे, तर आधी हे ध्यानात घ्या की भित्तिपत्रकाचा इतिहास केवळ युरोपात घडलेला नाही. पॅरिसमध्ये ज्यूल शेरे रंगीत शिळाछापाची भित्तिपत्रके काढत होता, त्याच काळात, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा सुरू झाली आणि देवदेवतांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे याच तंत्राने घरोघरी पोहोचू लागली. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी रंगभूमीच्या पडद्यांवर कमावलेला हात चित्रपटांच्या भित्तिपत्रकांकडे वळवला. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या दामले आणि फत्तेलाल यांची प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके जतन केलेली आहेत. महाविद्यालयाचे पत्र घेऊन तेथे आधी विचारणा करावी. जुन्या ग्रंथालयांतील दिवाळी अंकांचे गठ्ठे काढून दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठेही पाहावीत, विशेषतः अंकाचे नाव आणि चित्र यांची सांगड त्यांनी कशी घातली आहे ते. पडद्यावरच्या प्रतिमेत शाईचा दाटपणा आणि मूळ आकार कळत नाही, म्हणून छापील प्रत हाताशी घेऊन मोजपट्टीने मापे घ्यावीत आणि वहीत उतरवावीत.

प्रश्न : अभ्यासासाठी जुन्या भित्तिपत्रकातील चित्र जसेच्या तसे वापरले तर कायद्याची अडचण येते का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : शैलीवर कोणाचाही हक्क नसतो, हक्क असतो तो विशिष्ट कलाकृतीवर. भारतीय कायद्यानुसार कलाकृतीचे हक्क साधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. मुखा १९३९ मध्ये निवर्तला, त्यामुळे त्याच्या चित्रांबाबत भारतात ही अडचण उरलेली नाही. फ्रान्समधील भित्तिपत्रककार कासांद्र १९६८ मध्ये आणि म्युलर-ब्रोकमन १९९६ मध्ये निवर्तला, म्हणून त्यांच्या कलाकृती अजून संरक्षित आहेत. युरोपातील बहुतेक देशांत ही मुदत ७० वर्षांची आहे, हेही परदेशी स्पर्धेला काम पाठवताना पाहावे लागते. वर्गातील अभ्यासासाठी हुबेहूब प्रत काढणे हा शिकण्याचा जुना आणि चांगला मार्ग आहे. मात्र अशा प्रतीखाली मूळ कलावंताचे नाव आणि वर्ष लिहावे, आणि ती विक्रीच्या किंवा जाहिरातीच्या कामात वापरायची असेल तर हक्क कोणाकडे आहेत याची आधी खात्री करून घ्यावी.