इंग्लंडमध्ये फुटबॉलचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या कोल्हापूरच्या खेळाडूस

बी.कॉम. झाल्यावर तीस लाखांचे शिक्षणकर्ज काढून इंग्लंडमध्ये क्रीडा व्यवस्थापनाच्या एम.एस्सी.ला यावे, शिकता शिकता एखाद्या क्लबच्या निवड चाचणीत उतरावे आणि तिथूनच व्यावसायिक फुटबॉलपटू व्हावे, हा तुझा बेत योग्य आहे का, असे तू विचारले आहेस. तुझे वय एकवीस आहे आणि राज्याच्या संघातून तू राष्ट्रीय स्पर्धा खेळली आहेस, हेही कळवले आहेस. मीही कोल्हापूरचीच, इथे इंग्लंडमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी करते आणि संध्याकाळी खालच्या श्रेणीतील एका महिला संघासोबत काम करते. ती पदवी तुला मनापासून हवी असेल तर अवश्य ये, परंतु फुटबॉलच्या व्यवसायात शिरण्याची वाट म्हणून हे कर्ज काढू नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे मुख्य कारण व्हिसाचे आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर आठवड्याचे ठरावीक तास नोकरी करता येते, पण व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही, आणि पदवीनंतर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरही हीच मनाई कायम राहते. म्हणजे ज्या काळात क्लबने तुझ्याशी करार करावा अशी तुझी अपेक्षा आहे, नेमक्या त्याच काळात कायद्याने तुला तो करता येणार नाही. पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांना हौशी खेळाडू म्हणून खेळता येते. मात्र ‘व्यावसायिक’ या शब्दाची व्हिसाच्या नियमांतील व्याख्या फार व्यापक असून अर्धव्यावसायिक खेळही तीत येतो, आणि नजीकच्या काळात राज्य वा देशाच्या संघातून खेळलेले असणेही तीत विचारात घेतले जाते. तुझ्या बाबतीत हा मुद्दा थेट लागू होऊ शकतो, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाकडून लेखी उत्तर घे. एखाद्या एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस.

अदिती चौहानचा दाखला तू दिला आहेस. लफबरो विद्यापीठात शिकायला आलेली अदिती २०१५ मध्ये वेस्ट हॅमची गोलरक्षक झाली, ही अभिमानाची गोष्ट आहेच. परंतु त्या वेळी वेस्ट हॅमचा महिला संघ सर्वोच्च लीगमध्ये नव्हता, आणि अदिती इथे येण्यापूर्वीच भारताकडून खेळलेली होती. २०११ मध्ये सुरू झालेली विमेन्स सुपर लीग, म्हणजे इथली महिलांची सर्वोच्च लीग, २०१८ पासून पूर्णपणे व्यावसायिक झाली आणि आता तिथे जगभरातील राष्ट्रीय संघांच्या खेळाडू येतात. परदेशी खेळाडूला करारासाठी लागणारा व्हिसा इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या शिफारशीवर मिळतो, आणि ही शिफारस देताना खेळाडू देशासाठी किती सामने खेळली, तिच्या देशाचे फिफा क्रमवारीतील स्थान काय, ती खेळते त्या लीगचा दर्जा काय, हे पाहिले जाते. तू विद्यापीठाच्या मैदानावर कितीही सुंदर खेळलीस तरी या हिशेबात त्याची भर पडत नाही.

इथल्या महिला फुटबॉलच्या वरच्या दोन श्रेणी सोडल्या तर बहुतेक मुली दिवसा शाळेत, दुकानात, रुग्णालयात काम करतात, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सरावाला येतात आणि रविवारी सामन्यासाठी दूरचा प्रवास करतात. त्यांच्या निष्ठेबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु तुला जे हवे आहे, म्हणजे खेळावर पोट भरणे, ते या श्रेणींत क्वचितच साधते.

ज्या भारतीय मुलींना युरोपात करार मिळाले, त्यांची वाट भारतातूनच गेली आहे. बाला देवीने जानेवारी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सशी करार केला, तेव्हा ती अनेक वर्षे राष्ट्रीय संघाची आघाडीची गोल करणारी खेळाडू होती. मनीषा कल्याणने गोकुलम केरळ या क्लबकडून इंडियन विमेन्स लीग ही भारतातील महिलांची सर्वोच्च लीग गाजवली, नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध गोल केला आणि २०२२ मध्ये ती सायप्रसच्या अपोलॉनकडे जाऊन युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. पुढे ग्रीसमधील पाओक आणि मग पेरूमधील अलियान्झा लीमा. त्याच २०२२ मध्ये ज्योती चौहान आणि सौम्या गुगुलोथ क्रोएशियाच्या डायनॅमो झाग्रेबकडे गेल्या. सायप्रस, क्रोएशिया, ग्रीस ही नावे आपल्याकडे कोणी स्वप्नात घेत नाही, पण पहिला करार अशाच ठिकाणी मिळतो. म्हणून पुढची दोन वर्षे तू इंडियन विमेन्स लीगमधील एखाद्या संघात जागा मिळवण्यासाठी द्यावीस, त्यासाठी कोल्हापूर सोडून केरळला, ओडिशाला किंवा बंगालला जावे लागले तरी जावेस, असे मला वाटते. जुलै २०२५ मध्ये थायलंडला २-१ असे हरवून भारताने २०२६ च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. राष्ट्रीय संघाकडे परदेशी क्लबांचे लक्ष जाण्यासाठी याहून चांगला काळ आलेला नाही.

अमेरिकेचा पर्याय तुझ्यापेक्षा तुझ्या धाकट्या सहकारी मुलींसाठी अधिक खरा आहे. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे तिथल्या विद्यापीठांत मुलींच्या खेळाला मोठा आधार मिळाला आणि फुटबॉलसाठी शिष्यवृत्त्या आहेत, जरी त्या बहुधा खर्चाचा काही भागच उचलतात. पण तिथल्या विद्यापीठीय स्पर्धांच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च, विभागातील विद्यापीठांत खेळण्याची मुदत पूर्णवेळ महाविद्यालयात पहिले पाऊल टाकल्यापासून मोजली जाते, मग ते महाविद्यालय जगात कुठेही असो. म्हणजे तुझी मुदत बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरू झाली आहे. दहावी-बारावीतील मुलींना हे आताच सांग.

माझ्या कामामुळे जे रोज पाहते, ते सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका स्त्री खेळाडूंना पुरुषांपेक्षा बराच जास्त असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. छोट्या क्लबांचे करार बहुधा एकाच हंगामाचे असतात, म्हणजे अशी एक इजा संपूर्ण करार गिळून टाकू शकते. बाला देवीलाही रेंजर्समध्ये असताना गुडघ्याची गंभीर इजा झाली होती. ती भारतात परतली आणि चिकाटीने पुन्हा राष्ट्रीय संघात आली, पण तिच्यामागे नाव आणि अनुभव होता. म्हणून करारात पगाराच्या आकड्याआधी हे वाच की, जखमी झाल्यास पगार चालू राहतो का, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे पुनर्वसन कोणाच्या विम्यातून होते, आणि करार संपताना तू उपचार घेत असलीस तर तुझी राहण्याची सोय कोण करतो. मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि उडी मारून नीट पाय टेकवण्याचा सराव आजपासून सुरू कर. त्याला मोठी व्यायामशाळा लागत नाही.

एजंटाकडे फिफाचा परवाना हवा आणि तो फिफाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. चाचणीच्या पत्रासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याशी पुढे बोलूच नकोस. तसेच परदेशी नागरिकत्व घेतल्यास भारताच्या संघातून खेळता येत नाही, हे घरच्यांनाही माहीत असू दे.

आता लगेच करायचे काम म्हणजे पूर्ण सामन्यांचे चित्रण जमवणे. निव्वळ गोलांची जोडलेली फीत प्रशिक्षकांना पुरेशी वाटत नाही. चेंडू पायाशी नसताना तू कुठे उभी असतेस, चेंडू गमावल्यावर काय करतेस, हे त्यांना पाहायचे असते. असे तीन-चार सामने जमले की मला पाठव, मी आमच्या प्रशिक्षकांना दाखवून त्यांचे मत तुला कळवीन.