प्रशिक्षण-उड्डाणात गेलेला इस्रायली अधिकारी : शहीद, हुतात्मा की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे : ‘इस्रायली हवाई दलातील तरुण अधिकारी असाफ रामोन यांच्यावर मी मराठीत स्मरणलेख लिहीत आहे. त्यांचे विमान सरावाच्या उड्डाणात कोसळले. अशा मृत्यूसाठी “शहीद झाले”, “हुतात्मा झाले”, “धारातीर्थी पडले” यांपैकी कोणता प्रयोग योग्य ठरेल? मूळ हिब्रूत काय म्हणतात?’

ज्यांनी ही कहाणी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. असाफ हे इलान रामोन यांचे ज्येष्ठ पुत्र. इलान रामोन हे इस्रायलचे पहिले अंतराळवीर होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना ‘कोलंबिया’ यानाचे तुकडे झाले आणि आतील सातही जणांचा अंत झाला. आपल्या कर्नालच्या कल्पना चावला त्यांच्याच सहकारी होत्या, त्यामुळे तो दिवस भारतीय वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही. वडील गेले तेव्हा शाळेत असलेला हा मुलगा पुढे त्यांच्याच वाटेने हवाई दलात गेला, २००९ मध्ये वैमानिकांच्या अभ्यासक्रमात पहिला आला आणि राष्ट्राध्यक्ष शिमोन पेरेस यांच्या हस्ते त्याला वैमानिकाचे पंख मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १३ सप्टेंबर २००९ रोजी, प्रशिक्षण चालू असताना त्याचे एफ-१६ विमान हेब्रोनच्या डोंगराळ भागात कोसळले. वय २१ वर्षे. नहलाल येथे वडिलांशेजारीच त्याला दफन करण्यात आले.

आता शब्दांकडे वळू. ‘धारातीर्थी पडणे’ हा प्रयोग येथे चालणार नाही, आणि हा निर्णय तिन्हींत सर्वांत सोपा आहे. धारा म्हणजे शस्त्राची धार. ती धारच तीर्थ, आणि त्या तीर्थावर देह ठेवणे म्हणजे मोक्ष, अशी ही कल्पना आहे. घोडखिंडीतले बाजीप्रभू आणि कोंढाण्यावरचे तानाजी यांच्यामुळे हा प्रयोग मराठी माणसाच्या ओठांवर बसला आहे. तलवारीची धार पुढे बंदुकीच्या गोळीपर्यंत ताणली गेली आणि भाषेने ते मान्यही केले, परंतु समोर शत्रू आणि हातात शस्त्र ही अट मात्र सुटलेली नाही. लेफ्टनंट कर्नल योनातान नेतान्याहू यांच्याविषयी कोणी हा प्रयोग केला तर मी हरकत घेणार नाही, कारण ४ जुलै १९७६ च्या पहाटे युगांडातील एंटेबी विमानतळावर ओलिसांना सोडवणाऱ्या तुकडीचे नेतृत्व करताना त्यांना गोळी लागली आणि त्या धाडीत प्राण गमावलेले ते एकमेव इस्रायली सैनिक ठरले. सरावाच्या उड्डाणाला मात्र रणांगण म्हणता येत नाही, आणि तसे म्हटल्याने असाफ यांची थोरवी वाढतही नाही.

‘शहीद’ हा शब्द अधिक काळजीने वापरावा लागेल. आपल्याकडे शहीद भगतसिंग म्हणताना कोणाच्या मनात अरबी व्युत्पत्ती येत नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी तर ‘जवान शहीद’ ही जोडीच पक्की करून टाकली आहे. परंतु ज्या भूमीविषयी आपण लिहीत आहात तेथे हा शब्द जिवंत आहे आणि त्याला बाजू आहे. अरबीत शहीद म्हणजे मुळात साक्षीदार, आणि मग आपल्या मृत्यूने श्रद्धेची साक्ष देणारा. पॅलेस्टिनी लोक हा शब्द आपल्या मृतांसाठी वापरतात, आणि हिब्रू वृत्तपत्रांत तो जसाच्या तसा येतो तेव्हाही त्याच अर्थाने येतो. त्यामुळे ‘शहीद असाफ रामोन’ ही शब्दयोजना त्या भागातील दोन्ही समाजांच्या कानाला सारखीच खटकेल. भारतातही हा शब्द अधिकृत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते : आपल्या सशस्त्र दलांच्या बाबतीत असा शब्द वापरला जात नाही, असे केंद्र सरकारने २०१५ मध्ये संसदेत सांगितले होते, आणि २०२२ मध्ये लष्कराच्या मुख्यालयानेही त्याला समानार्थी असलेला इंग्रजी शब्द टाळावा असे कळवले होते.

राहिला ‘हुतात्मा’, आणि माझ्या मते खरी चर्चा याच शब्दाची व्हायला हवी, कारण मराठी लेखकाचा हात ‘शहीद’ टाळताना आपोआप याच्याकडे जातो. ‘शहीद’ला पर्याय म्हणून हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सावरकरांना दिले जाते. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःलाच आहुती म्हणून अर्पण केले तो हुतात्मा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या १०६ जणांमुळे आणि मुंबईच्या हुतात्मा चौकामुळे तो केवळ पुस्तकी राहिलेला नाही. तो सैनिकांपुरताही नाही, कारण त्या १०६ जणांच्या हाती शस्त्रे नव्हती. शब्द म्हणून तो मला अत्यंत प्रिय आहे. तरीही येथे तो वापरू नये असे मला वाटते, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण अर्थाचे आहे. हुतात्मा होण्यात अर्पणाची इच्छा आहे, एका ध्येयासाठी जाणूनबुजून केलेले दान आहे. विमान चालवणारा तरुण धोका पत्करतो हे खरे, परंतु धोका पत्करणे आणि स्वतःची आहुती देणे यांत अंतर आहे. हे अंतर हिब्रूही जपते. श्रद्धेपायी किंवा केवळ यहुदी असल्यामुळे ज्यांना मारले गेले त्यांना हिब्रूत ‘कदोश’, म्हणजे पवित्र, म्हणतात, अनेकवचन ‘कदोशिम’. नाझींनी मारलेल्या लाखो लोकांचा उल्लेख असा होतो. आपल्या ‘हुतात्मा’च्या जवळ जाणारा शब्द हाच. सैन्यात मरण आलेल्यांसाठी तेथे निराळा शब्द आहे, त्याकडे पुढे येतो.

दुसरे कारण प्रतिमेचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. नाझी नरसंहाराला इंग्रजीत जो शब्द रूढ झाला, ‘होलोकॉस्ट’, त्याचा मूळ ग्रीक अर्थ संपूर्ण जाळून केलेले हवन असा आहे. नेमक्या याच कारणासाठी अनेक यहुदी विचारवंतांना तो अमान्य आहे : त्या हत्येला यज्ञाचे रूप देणे त्यांना सहन होत नाही, म्हणून ते ‘शोआ’, म्हणजे घोर विनाश, हा हिब्रू शब्द वापरतात. ज्या समाजाने एवढ्या विचारपूर्वक आहुतीची प्रतिमा नाकारली, त्या समाजातल्या मुलाला आपण मराठीत अग्नीत अर्पण झालेला म्हणावे का? मराठी वाचकाला त्यात केवळ आदर ऐकू येईल, हे मान्य. परंतु मराठी वाचणारे यहुदीही आहेत. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांतील जुनी पिढी आजही लोद, अश्दोद, बेरशेबा येथे मराठी बोलते, त्यांचे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे, आणि त्यांची मुले-नातवंडे त्याच सैन्यात सेवा करतात. आपला लेख त्यांच्याही हाती पडू शकतो.

आता हिब्रूत काय म्हणतात ते पाहू. सेवेत मरण आलेल्या सैनिकाला हिब्रूत ‘हलल’ म्हणतात आणि क्रियापद ‘नफल’, म्हणजे पडला, असे येते. हे दोन्ही शब्द बायबलमधील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, पहिल्या अध्यायाच्या १९व्या वचनात एकत्र आले आहेत. शौल राजा आणि त्याचा पुत्र योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर मारले गेले तेव्हा दाविदाने केलेला तो विलाप आहे; इस्राएलाचे वैभव उंचवट्यावर ‘हलल’ झाले आणि वीर कसे ‘पडले’, असा त्याचा आशय. ‘हलल’च्या धातूत छेदणे, पोकळ करणे हा अर्थ आहे, आणि त्याच तीन अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ पोकळी, अवकाश असाही होतो. अंतराळाला हिब्रूत हाच शब्द आहे. पिता इलान ‘हलल’मध्ये गेले आणि पुत्र असाफ यांची गणना सैन्याच्या ‘हलल’मध्ये झाली, रामोन कुटुंबाविषयी हिब्रूत लिहिताना हा शब्द असा दोन्हीकडून येतो आणि मराठीत तो एका शब्दाने आणता येणार नाही.

लढाईत मेलेला आणि अपघातात मेलेला यांना हिब्रू एकाच शब्दाने संबोधते. ४ फेब्रुवारी १९९७ रोजी लेबनॉनकडे सैनिक घेऊन निघालेली दोन हेलिकॉप्टरे उत्तर इस्रायलमध्ये एकमेकांवर आदळली आणि ७३ सैनिक गेले. त्यांच्यावर शत्रूने गोळी झाडली नव्हती, तरी ते ‘हलल’च आहेत. सैनिकी दफनभूमीतले दगडही हुद्दा कोणताही असो, एकाच साध्या घडणीचे असतात. फरक दाखवला जातो तो केवळ ओळीत : कोणावर ‘लढाईत पडला’ असे कोरलेले असते, तर कोणावर ‘आपले काम पार पाडताना पडला’ असे.

ही दुसरी ओळ आपल्या कामाची आहे. क्रियापदाबाबत मराठी येथे उपरी नाही. आपल्या बखरींतही माणसे लढाईत ‘पडतात’, ‘कामास येतात’. मात्र आजच्या मराठीत नुसते ‘पडले’ एवढ्याने मृत्यूचा बोध होत नाही, आणि विमान कोसळण्याच्या वर्णनाशेजारी तर ते वाचवतही नाही. ‘कामी आले’ हा प्रयोग अर्थाने फार जवळचा आहे, तथापि तरुण वाचकाला त्यातून ‘उपयोगी पडले’ एवढेच कळण्याची भीती आहे. ‘अपघाती मृत्यू’ हे पोलिसांच्या नोंदीसारखे कोरडे वाटते. म्हणून मी ‘कर्तव्यावर असताना प्राण गेले’ किंवा ‘कर्तव्य बजावताना मृत्यू आला’ ही रचना सुचवीन. सेवा, काम आणि मृत्यू या तिन्ही गोष्टी तीत येतात, आणि जे घडले नाही असे काहीही ती सांगत नाही.

आणखी दोन छोट्या गोष्टी. नावाआधी ‘कै.’ किंवा ‘स्व.’ लावू नये. कैलासवासी आणि स्वर्गवासी ही संबोधने हिंदू परंपरेतली आहेत, ‘दिवंगत’ पुरेसे आहे. यहुदी लोक मृताच्या नावानंतर ‘त्याची स्मृती आशीर्वादरूप होवो’ अशा अर्थाचे शब्द जोडतात, ते मराठीत पूर्ण लिहिले तरी शोभतात. ‘पुण्यतिथी’ऐवजी ‘स्मृतिदिन’ लिहावे; पण हे ध्यानात असू द्यावे की यहुदी घरांतही असा दिवस आपल्यासारखाच तिथीने पाळतात. असाफ यांची तिथी त्यांच्या पंचांगानुसार २४ एलुल आहे, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते.

एकवीस वर्षांच्या मुलाला ‘ते’ म्हणावे की ‘तो’, हेही लेख लिहिताना आपल्याला ठरवावे लागेल. हिब्रूत हा भेदच नाही. जेथे हुद्द्यासह उल्लेख आहे तेथे आदरार्थी रूप आणि जेथे मुलगा म्हणून, भाऊ म्हणून सांगायचे आहे तेथे एकवचन, असे मी करीन. वर मीही तसेच केले आहे. आपल्या लेखाचे पहिले वाक्य असे होऊ शकेल : ‘इस्रायली हवाई दलातील लेफ्टनंट असाफ रामोन यांचे १३ सप्टेंबर २००९ रोजी प्रशिक्षण-उड्डाणात विमान कोसळून, कर्तव्यावर असताना, वयाच्या २१व्या वर्षी प्राण गेले.’