जर्मनीत पोहोचल्यावर आधी पत्त्याची नोंद

प्रश्न : ऑक्टोबरच्या सत्रासाठी म्युनिकला निघाले आहे. ओळखीतून खोली मिळाली, पण देणारे म्हणतात, 'आनमेल्डुंगचं नंतर बघू.' चालेल का?

नाही चालणार. याच मुद्द्यावर खोली सोडावी लागली तरी सोडा. आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करणं कायद्याने बंधनकारक आहे. कर क्रमांक तिच्यानंतरच टपालाने येतो, रहिवासी परवान्याला तिचा दाखला लागतो, बऱ्याच बँकाही तो मागतात.

पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि 'व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' सोबत न्या. हे लांबलचक नाव म्हणजे जागा देणाऱ्याने सही करून दिलेलं पत्र. त्यात त्याचं नाव, घराचा पत्ता, तुम्ही राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्यांची नावं असतात. नुसता भाडेकरार चालत नाही. पुष्कळ विद्यार्थी इथेच परत फिरतात. हे पत्र देणं जागा देणाऱ्याला टाळता येत नाही, आणि पोटभाड्याने राहत असाल तर मूळ भाडेकरूही ते देऊ शकतो. 'नंतर बघू' म्हणणाऱ्याने बऱ्याचदा घरमालकाला न सांगताच खोली दिलेली असते, म्हणून तो सही टाळतो.

ही नोंद करणाऱ्या कार्यालयाची भेटीची वेळ निघण्याआधीच ऑनलाइन घ्या. मोठ्या शहरांत ती लांबची मिळते. तेव्हा बुकिंगचा ईमेल जपून ठेवा आणि रोज सकाळी संकेतस्थळ बघा, रद्द झालेल्या वेळा पुन्हा खुल्या होतात.

आणि पोहोचल्या दिवशीच पत्रपेटीवर व दाराच्या घंटीवर पासपोर्टवरचं आडनाव लावा. तिथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट क्रमांक नसतो, पोस्टमन नाव वाचून टपाल टाकतो. पेटीवर फक्त जुन्या भाडेकरूचं नाव असेल तर कर क्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड सगळं पाठवणाऱ्याकडे परत जातं, आणि ते परत गेल्याचं तुम्हाला कळतही नाही.

प्रश्न : ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे पैसे भरले आहेत. मग सोबत वेगळे न्यावे का?

न्या. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच मिळते. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ मिळतात. पण हे खातं सुरू होऊन पहिला हप्ता तुमच्या चालू खात्यात येईपर्यंत दिवस जातात, आणि ते चालू खातं आधी उघडावं लागतं. दरम्यान भाडं आणि अनामत दोन्ही समोर उभे असतात. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्टमीटे'इतकी, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून जे भाडं असतं त्याच्या तिप्पट असू शकते. ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा असतो. हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. खोली न बघता, करार हातात नसताना कुणी अनामत मागत असेल तर एक युरोही पाठवू नका.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. खासगी आरोग्य विमा स्वस्त पडतोय. घेऊ का?

आमचं मत : घेऊ नका. तिशीच्या आत विद्यार्थ्यांना सरकारी व्यवस्थेतला विमा विद्यार्थी दरात मिळतो. खासगी घ्यायचा तर सरकारी विम्याच्या सक्तीतून सूट मागावी लागते, आणि एकदा घेतलेली सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. पुढे मोठं आजारपण आलं आणि विमा तोकडा पडला तरी परतीची वाट नाही. व्हिसासाठी काढलेला प्रवासविमा मात्र वेगळा. त्यावर विद्यापीठात नावनोंदणी होत नाही. विम्याची खबर सरकारी विमा संस्थेकडूनच विद्यापीठाला ऑनलाइन जावी लागते, म्हणून नावनोंदणीच्या शेवटच्या तारखेआधी तिच्याकडे अर्ज करा.

प्रश्न : घरी टीव्ही नाही, तरी प्रसारण शुल्काचं पत्र आलं. फसवणूक आहे का?

नाही, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीचं हे शुल्क खरं आहे. महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. पण ते घरटी असतं, माणशी नाही. फ्लॅटमध्ये चौघे राहत असाल तर एकानेच भरायचं. त्याचा शुल्क क्रमांक कळवून बाकीच्यांनी उत्तर द्यावं. वसतिगृहात खोलीचं दार सामायिक कॉरिडॉरमध्ये उघडत असेल तर ती खोली स्वतंत्र घर धरली जाते. पत्र बाजूला टाकून देऊ नका, मागची थकबाकी साचत जाते.

प्रश्न : व्हिसा तीन महिन्यांचाच आहे. पुढे काय?

पत्त्याची नोंद झाली की लगेच परदेशी नागरिक कार्यालयात रहिवासी परवान्याचा अर्ज टाका, काही झालं तरी व्हिसा संपण्याआधी. अर्ज वेळेत असेल तर निर्णय येईपर्यंतचा तात्पुरता दाखला मागता येतो. त्याला 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' म्हणतात.