ताप एकशे दोन, पारा बेचाळीस : नकाशात तापमान कसं लिहावं?

सोलापुरातल्या एका मित्राचा प्रश्न आहे. तो आणि त्याचे सोबती ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून भरायच्या खुल्या नकाशावर, कोकणातली गरम पाण्याची कुंडं नोंदवतायत. एकाच कुंडासाठी तिघांनी तीन तऱ्हा लिहिल्या : ‘उष्णता ४५ डिग्री’, ‘तापमान ११३’ आणि ‘कडक गरम’. यातलं बरोबर काय?

आधी ‘उष्णता’ बाजूला काढू. उष्णता ही ऊर्जा, आणि वस्तू किती तापली आहे हे सांगतं ते तापमान. कपभर उकळता चहा आणि कुंडभर कोमट पाणी घेतलं, तर तापमान चहाचं जास्त, पण साठलेली उष्णता कुंडात कितीतरी अधिक. म्हणून रकान्याचं नाव ‘तापमान’च हवं. जाता जाता : ‘आज तापमान फार गरम आहे’ असंही म्हणू नये. गरम हवा होते, तापमान वाढतं.

खरी गोम ‘११३’ मध्ये आहे. ४५ सेल्सिअस म्हणजेच ११३ फॅरनहाइट, तेव्हा दोघांनीही मोजलं बरोबरच. चुकलं ते एकक न लिहिणं, आणि ती सवय आपल्या बोलण्यातूनच आलेली आहे. मे महिन्यात आमच्या ओट्यावर बसलेला माणूस म्हणतो, ‘आज पारा बेचाळीस.’ आत आई नातवाच्या काखेतला थर्मामीटर उजेडाकडे धरून म्हणते, ‘ताप एकशे दोन.’ एकच घर, एकच दुपार. बाहेरचा आकडा सेल्सिअसचा, आतला फॅरनहाइटचा. दोघांनीही एकक उच्चारलेलं नाही, तरी कुणाचाही गोंधळ होत नाही. सोलापुरी उन्हाळ्यात तो काचेचा थर्मामीटर ताप बघण्याआधीच चढून बसतो. माठातल्या पाण्यात बुडवून पारा खाली झटकावा लागतो. तिथेही ‘पारा’ हाच शब्द, पण माप वेगळं. ‘ताप’ म्हटलं की फॅरनहाइट आणि ‘पारा चढला’ म्हटलं की सेल्सिअस, हे मराठी माणसाला न सांगता कळतं. नकाशा वाचणाऱ्या संगणकाला ना ओटा माहीत, ना काख.

आता ‘डिग्री’ की ‘अंश’? दोन्ही मराठीच समजा, पण दोन्ही अपुरे. त्यातून नकाशाच्या कामात तर अंश आधीच दुसरीकडे गुंतलेला : अक्षांश, रेखांश. ‘सोलापूर १७ अंश’ एवढंच लिहिलं, तर ते शहराचं अक्षांश असू शकतं किंवा इथल्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतल्या पहाटेची थंडीही. म्हणून बोलताना, लिहिताना पुरं म्हणा : ‘४५ अंश सेल्सिअस’.

‘सेंटिग्रेड’ चूक नाही, जुनं आहे. ॲन्डर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर होते. ती पुढे उलटी झाली. तिच्या शंभर पायऱ्यांवरून सेंटिग्रेड हे नाव पडलं, आपल्या जुन्या पुस्तकांतलं ‘शतमान’ तेच. पण फ्रेंचमध्ये ग्रेड हे कोनाचंही माप, त्यामुळे तिथेही आपल्या अंशासारखाच घोळ. १९४८ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘सेल्सिअस’ नाव कायम केलं. केल्विन या शास्त्रज्ञांच्या तापमान-एककाला तर अंशही लावायचा नाही, नुसतं ‘३१८ केल्विन’.

नकाशात मात्र वाक्य लिहायचं नसतं. तिथे उंचीचा नुसता आकडा मीटरमध्ये धरतात, वेगाचा ताशी किलोमीटरमध्ये. दुसरं एकक वापरलं तर आकड्यानंतर जागा सोडून ते लिहितात. तुमच्या गटानेही तसंच ठरवा : तापमान सेल्सिअसमध्येच, रकान्यात फक्त आकडा, ‘डिग्री’ नाही, ‘सुमारे’ नाही. फॅरनहाइटमध्ये मोजलं असेल तर ३२ वजा करून १.८ ने भागा आणि मग लिहा. या एका ठिकाणी आकडे देवनागरीत नकोत, इंग्रजी (45) हवेत. ‘४५’ आपण वाचतो, पण कितीतरी प्रोग्रॅम त्याला संख्या न मानता अक्षरं मानतात, आणि मग कुंडांची तुलना करताना ते कुंड यादीतून गळतं.

तिसऱ्याचं ‘कडक गरम’ खोडू नका. ते वर्णनाच्या रकान्यात न्या, आणि थोडं नेमकं करा : पाय बुडवता येतात का, की पाणी कढत आहे? कोमट, ऊन, गरम, कढत, उकळतं, एवढ्या पायऱ्या मराठीत आहेत. यातला ‘ऊन’ संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’ असा आलाय, आणि ‘ऊन पाणी’, ‘ऊन ऊन भात’ यांत अजून गरम याच अर्थाने आहे. दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरचं उन्हाळे, ही सगळी गरम झऱ्यांची गावं. नावाच्या रकान्यात ती अशीच लिहा, तिथला ‘न्ह’ सुटू देऊ नका.