आठपैकी पाच, मग आठपैकी तीन

"मॅडम, आधी चांगली होती हो. आता घसरत चाललीय."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते सुरू झालं की पुढचं मला पाठ असतं. मी फक्त विचारते, "आधी म्हणजे कधी?" बहुतेकांच्या मनात त्या 'आधी'चा अर्थ मागची परीक्षा एवढाच असतो. दोन परीक्षा, दोन आकडे आणि त्यांच्यामध्ये ताणलेली काळजी.

ज्या बाबांची गोष्ट सांगतेय (ओळख पटेल असे तपशील बदललेत) ते तर आलेख काढूनच आले होते. मुलगी अकरा वर्षांची. गणितात आधी ८४, मग ७३. दोन ठिपके जोडणारी रेघ त्यांनी तुटक तुटक करत पुढे नेली होती. ती नवव्या परीक्षेला शून्याच्या खाली पोचत होती.

"उणे चार मार्क कसे पडतील?" मी विचारलं. आई हसली. बाबा नाही हसले.

त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगते. कुठल्याही परीक्षेतले गुण म्हणजे मुलाला येतं ते, अधिक त्या दिवसाचा योगायोग. कुठले प्रश्न आले, झोप झाली होती का, एक उदाहरण उतरवतानाच चुकलं का. समजा परीक्षा चांगली बेतलेली आहे, तिची विश्वासार्हता ०.८४ आहे (१ असती तर योगायोगाला जागाच नसती) आणि वर्गातल्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, १५. तरीही एका मुलाच्या गुणांत साधारण सहा गुणांची चूक सहज असते. दोन परीक्षांची वजाबाकी केली की दोन्हीकडची चूक त्या फरकात उतरते आणि साडेआठाच्या आसपास जाते. मग ८४ आणि ७३ मधल्या अकरा गुणांवरून छातीठोकपणे काय बोलणार? संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड रोगोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हेच मांडलं होतं: वाढ समजून घ्यायची तर दोन मोजमापं फार तोकडी, त्याच मुलाची अनेक मोजमापं हवीत. दोन ठिपक्यांतून रेघ नेहमीच सरळ जाते, मूल कसंही वाढत असो.

मी त्यांना एका फ्रेंच वडिलांबद्दल सांगितलं. फिलिबेर द माँबेयार यांनी १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली. एकाच मुलाची. तो वाढीचा आलेख आजही अभ्यासला जातो. त्यात उंची कधीच कमी होत नाही, पण वाढीचा वेग जन्मानंतर मंदावत जातो आणि किशोरवयात एकदम उसळतो. वेग मंदावला म्हणजे मूल खुजं झालं, असं कोणी म्हणत नाही. अभ्यासाबाबत मात्र आपण रोज म्हणतो. वर्गातला नंबर खाली गेला तरी तेच म्हणतो. मुलगी तिच्या गतीने पुढे जात असते, शेजारची चार मुलं त्या सहामाहीत जरा जास्त वेगाने जातात, इतकंच.

बाबांकडे आणखी एक हुकमी मुद्दा होता. "कौतुक केलं की पुढच्या वेळी मार्क कमी येतात. रागावलो की वाढतात. मी पाहिलंय."

त्यांनी खरंच पाहिलं होतं, म्हणून मी वाद घातला नाही. मी ड्रॉवरमधून दोन फासे काढले (लहान मुलांसाठी असतात माझ्याकडे) आणि म्हटलं, टाका. बेरीज चार किंवा कमी आली की फाशांना रागवायचं. दहा किंवा जास्त आली की शाबासकी द्यायची.

सुरुवातीला ते अवघडले, मग रमले. दहा-बारा वेळा टाकून झाल्यावर थांबून म्हणाले, "रागावल्यावर वाढतंय की!"

"आणि शाबासकी दिल्यावर?"

ते फाशांकडे बघत राहिले.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं होतं. फार उंच आईबापांची मुलं उंचच असतात, पण सरासरी पाहिली तर आईबापांइतकी टोकाला नसतात. टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा मधल्या बाजूला सरकतो. रागवा किंवा रागवू नका.

ही गोष्ट माझ्या धंद्याच्या मुळावर येणारी आहे, हेही कबूल करते. सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक मुलाचे माझ्याकडे येण्याआधीचे आणि नंतरचे गुण एका वहीत मांडायचे. जवळजवळ सगळ्यांचे वाढलेले! मी खूश. मग एकदा लक्षात आलं की मुलं माझ्याकडे आणली जातात तीच त्यांच्या सगळ्यात वाईट निकालानंतर. पुढचा निकाल माझ्याविनाही थोडा वर आलाच असता. ती वही मी फेकली नाही. एखाद्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटायला लागलं की काढून बघते.

पण खरं सांगायचं तर या मुलीच्या बाबतीत फासे वगैरे सगळं तोंडीलावण्यासारखं होतं. वळण आलं ते तिसऱ्या भेटीत.

त्या दिवशी बाबा जरा विजयी मुद्रेनेच आले. वहीतून दोन कागद काढले. "तुम्ही म्हणालात ना, दोन परीक्षा वेगळ्या असतात, नशीब असतं? ही घ्या. तीच प्रश्नपत्रिका. शाळेने दोन महिन्यांनी पुन्हा सोडवून घेतली. आधी आठपैकी पाच, आता आठपैकी तीन. आता बोला."

दशांश अपूर्णांकांच्या आठ जोड्या होत्या. मोठ्या संख्येभोवती गोल करा. मी मुलीला जवळ बसवलं आणि पहिल्या कागदावरची एक जोडी दाखवली: ४.६३ आणि ४.८. गोल ४.६३ भोवती होता.

"हे तेव्हा असं का केलं असशील?"

"तेव्हा मला वाटायचं त्रेसष्ट मोठे, आठ लहान."

दुसऱ्या कागदावर तीच जोडी. गोल ४.८ भोवती, बरोबर. पण ०.८७ आणि ०.३ या जोडीत आधी बरोबर आलेलं उत्तर आता चुकलं होतं. गोल ०.३ भोवती.

"आणि हे?"

तिने हातवारे करून समजावलं. "दशांश म्हणजे एकाचे दहा तुकडे. शतांश म्हणजे शंभर. शंभर केले की तुकडे बारीक होतात ना? मग ज्यात बारीक तुकडे, ते लहान."

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्या पत्रिकेत पाच जोड्या अशा होत्या की जास्त आकड्यांची संख्याच मोठी होती, आणि तीन उलट. पहिल्या वेळी तिचा नियम होता 'जास्त आकडे ते मोठं', म्हणून पाच. दुसऱ्या वेळी 'जास्त आकडे ते लहान', म्हणून तीन. एकही उत्तर अंदाजपंचे नव्हतं. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ लॉरेन रेस्निक आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली अमेरिका, इस्राएल आणि फ्रान्समधल्या मुलांत नेमके हेच दोन नियम नोंदवले होते. मला ते ठाऊक होतं, पण एका मुलीच्या दोन कागदांवर इतकं लख्ख उमटलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाबा बराच वेळ कागद वरखाली करत राहिले. मग मला नाही, तिला विचारलं, "म्हणजे तुला पाच मिळाले तेव्हा दशांश कळलाच नव्हता?"

"नव्हता."

"आणि तीन मिळाले तेव्हा अर्धा कळला होता?"

तिने मान डोलावली. "म्हणजे माझे दोन मार्क शिकल्यामुळे गेले?"

हे वाक्य मला सुचलं असतं तर मी ते भिंतीवर लावलं असतं.

माझा कल पहिल्यापासून असा आहे की मुलाची चूक ही त्याच्या डोक्यात उघडणारी खिडकी. दीड-दोन वर्षांचं मूल ऐकून ऐकून 'केलं' बरोबर म्हणतं. पुढे तेच मूल 'करलं' म्हणायला लागतं, कारण 'बसलं', 'पडलं' यांतला नियम त्याने स्वतः पकडलेला असतो. कालांतराने 'केलं' परत येतं. फक्त बरोबर-चूक मोजणाऱ्याला मधला काळ अधोगतीचा दिसेल.

म्हणून घरी नोंद ठेवायची असेल तर अशी ठेवा. दीड-दोन महिन्यांनी त्याच प्रकारचे, तितक्याच काठिण्याचे थोडे प्रश्न द्या. ठिपका काढा, शेजारी एक ओळ लिहा: ताप होता, रात्री जागली होती, धडा नवीन होता. निदान पाच ठिपके होईपर्यंत रेघ मारू नका. चुकलेल्या दोन उत्तरांबद्दल 'कसं काढलंस?' एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. (हे सगळ्यात अवघड. बाबांना तीन आठवडे लागले.) दुसऱ्या मुलाचा ठिपका त्या कागदावर नको.

याचा अर्थ प्रत्येक घसरण गोंडस असते, असा मुळीच नाही. पाच-सहा ठिपके सलग खाली जात असतील, सगळ्याच विषयांत तसं दिसत असेल, आधी पक्कं येत होतं तेही मूल विसरत असेल, किंवा झोप, भूक, खेळणं, मित्र हेही सोबत बदललं असेल, तर वही बाजूला ठेवा आणि मुलाला तज्ज्ञांकडे न्या. तिथे वाट बघण्यात शहाणपण नाही.

त्या दिवशी मी मुलीला शिकवलं काहीच नाही. फक्त विचारलं, "०.८७ मध्ये दशांश किती आहेत?"

"आठ," ती म्हणाली. मग ०.३ कडे पाहिलं. "आणि इथे तीन... अरे!" तिने माझ्या हातातलं खोडरबर जवळजवळ हिसकावून घेतलं.

महिन्याभराने ते तिघं आले तेव्हा तिच्या वहीत तिसरा ठिपका होता, आठपैकी सात. राहिलेली जोडी तिने स्वतःच घातलेली होती, ०.६ आणि ०.६०, आणि गोल कशाभोवतीच नव्हता. "दोन्ही सारखेच असतील तर तो शून्य लिहायचा कशाला?" तिने विचारलं. बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.