क्रॉनवर काम सोपवण्याआधी
बॅकअपची स्क्रिप्ट टर्मिनलवर नीट चालते आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सेवेतून, मात्र गप्प बसते, याचे कारण बहुधा स्क्रिप्टमध्ये नसून तिच्या भोवतालात असते. लॉगिन करताना तुमच्या सेटिंग ज्या फाइलींतून घेतल्या जातात, त्या क्रॉन वाचत नाही. त्याचा पाथ, म्हणजे आज्ञा जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी, अगदी तोकडा असतो आणि आज्ञा चालवणारे शेलही बॅश नसून साधे एसएच असते, म्हणून प्रत्येक आज्ञा तिच्या फाइलच्या पूर्ण पत्त्यासह लिहावी आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हवे ते शेल नमूद करावे. टक्क्याच्या चिन्हाने तर मला एकदा आठवडाभर चकवले होते: क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये, ते नव्या ओळीचे चिन्ह मानले जाते, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालणारी आज्ञा मध्येच तुटते. त्या चिन्हाआधी बॅकस्लॅश (\) द्यावा, किंवा त्याहून बरे म्हणजे तारखेचे काम स्क्रिप्टच्या आतच ठेवावे. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असल्यास आपले रात्रीचे २ म्हणजे तिथले आदल्या दिवसाचे २०:३०, हेही ध्यानात असू द्यावे. एक फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होऊ नये यासाठी एफलॉक ही कुलूप लावणारी आज्ञा वापरावी, आणि आउटपुटसोबत त्रुटीही लॉगमध्ये वळवाव्यात. त्रुटी डेव्ह-नलमध्ये, म्हणजे आलेले सगळे गिळून टाकणाऱ्या फाइलमध्ये, फेकून देण्याची सवय मला मुळीच मान्य नाही.